एक नोंद खोडण्याविषयी

आमच्या निसर्ग मंडळाच्या वहीत गेल्या माघातली एक नोंद आहे. ‘टिपेश्वर. सकाळी नऊ. वाळक्या सागावर रानपिंगळा, एक.’ खाली सही माझी. ही नोंद खोडावी असे मी मंडळात सुचवले, तेव्हा मित्र म्हणाले, “राहू दे ना बाप्पा! त्या एका ओळीने मंडळाचे नाव झाले. कोणाचे काय बिघडते?” काय बिघडते, ते सांगण्यासाठीच हा लेख.

साधा पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. गावातल्या जुन्या चिंचेच्या ढोलीत तो असतोच. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण त्याचेच नाव दिले आहे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात; शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसाउजेडी वावरतो. मला दिसलेला पक्षी पाठमोरा होता, उन्हाच्या बाजूला होता, आणि गाडी थांबली जेमतेम दोन मिनिटे. डोके मला नीट दिसलेच नाही. दिवसा उघड्यावर बसला आहे, एवढ्यावर मी नाव लिहून मोकळा झालो. साधा पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो, हे मला ठाऊक होते. पण मेळघाटात रानपिंगळा आहे, मेळघाट शेजारच्याच जिल्ह्यात. मग आपल्याकडे का नसावा? मोह झाला, दुसरे काय!

आता या पक्ष्याची हकिकत ऐका. इतिहासाच्या तासाला काँग्रेसच्या स्थापनेसाठी ज्याचे नाव आपण घोकतो, त्या ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात एक नमुना मिळवला. त्यानंतर खात्रीचा पुरावा नाही. मात्र कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागन या नामांकित पक्षितज्ज्ञाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक पक्षी मिळवल्याचे सांगितले. माणूस मोठा, तेव्हा शंका कोण घेणार? पुढे तपासात निघाले ते असे, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीवर विसंबलेल्यांची दिशाच चुकली. पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून खोटे ठिकाण बाजूला सारले, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह खऱ्या ठिकाणांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! (टिपेश्वर अभयारण्य झाले तेही १९९७ मध्येच, माझ्या मोहाला असले योगायोगही पुरले.)

कर्नलने चोरी केली, तू तर नुसता चुकलास, असे कोणी म्हणेल. पण वही उघडणाऱ्याला हा फरक कसा कळावा? त्याच्यापुढे एक ओळ आणि एक सही, एवढेच असते.

शिवाय दुसरेही एक बिघडले आहे. त्या नोंदीनंतर मंडळाला जणू झपाटले. पैसे जमवून आम्ही पुन्हा सुन्ना फाटकातून आत गेलो, रानपिंगळा शोधत. वाटेत हरियालांचा थवा उंबरावर होता. वहीत त्याची ओळ नाही. महाविद्यालयाच्या आवारातल्या कडुलिंबावर सातभाई रोज कलकलाट करतात. माघापासून त्यांचीही नोंद नाही. दुर्मिळ पक्षी शोधू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. शोधला म्हणून तर तो शहाद्याला सापडला. परंतु त्या शोधाची सुरुवात जुन्या नोंदी पारखण्यापासून झाली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आमच्या एका सरांना वही दाखवली. ते म्हणाले, “खोडू नकोस. आडवी रेघ मार, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत. बाजूला जे खरोखर पाहिलेस ते लिही आणि आजची तारीख घाल.” मला ते पटले. ‘पिंगळा, एक. पाठमोरा. डोके दिसले नाही’ असा मजकूर मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवला आहे. मंडळाची बैठक शनिवारी आहे. रेघ सर्वांसमोर मारावी म्हणतो.