न केलेल्या तपासणीचे मोल

बँकेत मी अनेक वर्षे सह्या पडताळल्या. खोटी सही ओळखायची तर आधी खरी सही डोळ्यांत पुरती बसावी लागते, हा त्या कामाचा धडा. निवृत्तीनंतर नातीच्या आजारपणात तो पुन्हा आठवला.

नात सहा महिन्यांची. खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. हृदयाच्या वर रुंद सावली दिसली. 'गाठीची शंका, सीटी स्कॅन करावा,' असा अहवाल आला. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही. सुदैवाने आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तो एक्स-रे आधी फक्त मुलांच्याच तपासण्या पाहणाऱ्या एका रेडिओलॉजिस्टबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "आजोबा, ही थायमस ग्रंथी. या वयात ती मोठीच दिसते. काही करायचं नाही."

हे तीन शब्द म्हणता येण्यासाठी किती शिकावे लागते? एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, एमडीची तीन आणि वर फेलोशिपचे एखाद-दुसरे.

त्या शब्दांमागे इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत अशाच निरोगी थायमसवर, ती 'वाढली' म्हणून, तान्ह्या मुलांना क्ष-किरण दिले जात. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील जॉन कॅफी यांना ते मान्य नव्हते. हे मूळचे बालरोगतज्ज्ञ. मुलांच्या क्ष-किरण निदानावरचा त्यांचा ग्रंथ १९४५ साली आला. पुढे १९५० साली, असे उपचार झालेल्या काही मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध झाले.

मग इतक्या मोलाच्या शाखेकडे तरुण डॉक्टर कमी का वळतात? हिशेब साधा आहे. मूल रडते, हलते, कधी भूल द्यावी लागते. मोठ्या माणसाच्या तपासणीपेक्षा वेळ जास्त जातो आणि मिळकत मात्र बहुधा तपासण्यांच्या संख्येवर ठरते. न केलेल्या स्कॅनचे बिल कोण देणार? टळलेल्या नुकसानीला ताळेबंदात रकाना नसतो.

आज एक्स-रे संगणकावरून क्षणात दुसऱ्या गावी पाठवता येतो. तालुक्याच्या बाळालाही असे जाणते डोळे मिळू शकतील. पण त्या मताची किंमत वेगळी मोजण्याची आपली तयारी हवी.

बाईंनी आमच्याकडून फी घेतली नाही. तेव्हा बरे वाटले होते. आता वाटते, आग्रहाने द्यायला हवी होती.