नारळ, गाडी आणि माफीचा हप्ता

दसऱ्याच्या सकाळी गोव्यातल्या मये गावात दारादारांत गाड्या धुऊन उभ्या असतात. बॉनेटवर झेंडूची माळ, वायपरला आंब्याचा टाळ, काचेवर कुंकवाचे बोट, चाकाखाली लिंबू. नारळ फुटतो, गाडी दोन हात पुढे सरकते, लिंबू चिरडते. वर्षभर काही विपरीत घडू नये, एवढेच मागणे. त्याच गाडीच्या कप्प्यात आणखी एक मागणे घडी घालून ठेवलेले असते, विम्याची पॉलिसी. तिची मुदत संपत आली की डिचोलीतला एजंट फोन करतो, ‘एनसीबी प्रोटेक्शन घालू मरे? थोडेच वाढतात.’ कोणी ‘घाल’ म्हणतो, कोणी ‘नको’. हिशेब मात्र कोणी मांडत नाही. शस्त्रपूजेच्या दिवशी तो मांडायला हरकत नाही.

वर्षभर विम्याचा दावा केला नाही, तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते. हाच नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्के. एक दावा केला की साधारणपणे सारी सूट शून्यावर येते आणि पहिल्या पायरीपासून चढायचे. ही घसरण रोखणारी पुरवणी म्हणजे बोनस-संरक्षण. अमेरिकेत तिच्यासारखीच सोय ‘अपघातमाफी’ म्हणून विकली जाते. चालकाची चूक झाली तरी पहिल्या अपघाताला हप्ता वाढवत नाहीत.

पण आपल्याकडे माफी हा शब्द लागू पडत नाही. आपला बोनस चूक मोजत नाही, दावा मोजतो. माडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर झावळी कोसळली, टप चेपला. पावसाळी रात्री वळणावर डांबरावर बसलेले जनावर दिसले नाही, दिवा आणि बंपर गेला. डिचोलीतले खाणकाम 2024 मध्ये पुन्हा सुरू झाले. समजा, खनिजाचा टिपर आरसा उडवून निघून गेला. यात गाडीवाल्याची चूक किती? दुसऱ्याच्या विम्यातून भरपाई मागायची तर त्याचा नंबर हवा, पंचनामा हवा, न्यायाधिकरणाच्या फेऱ्या हव्यात. म्हणून माणूस आपल्याच पॉलिसीवर दावा करतो आणि बोनस घालवून बसतो. ज्याने अपराधच केला नाही, त्याने माफी विकत घ्यायची, अशी ही गंमत आहे.

आता आकडे. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसविना 12,000 रुपये आहे आणि तुमची सूट 50 टक्क्यांवर पोचली आहे. म्हणजे तुम्ही 6,000 भरता. दावा केलात, तर पुढची पाच वर्षे अनुक्रमे 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 भरावे लागतील. बेरीज केली तर 15,000 रुपये जादा, जीएसटी वेगळा. पुरवणीला वर्षाकाठी 800 रुपये पडत असतील, तर या 15,000 मध्ये जवळजवळ 19 वर्षांची पुरवणी बसते. मग प्रश्न सोपा होतो: येत्या 19 वर्षांत एकदा तरी मोठा दावा करावा लागेल का? आपल्या रस्त्यांवर रोज गाडी काढणारा ‘नाही’ असे छातीठोक सांगणार नाही. सूट 20 टक्क्यांवरच असेल, तर तोच तोटा 6,000 वर येतो आणि सौदा साडेसात वर्षांचा होतो. गाडी जुनी होईल तशी तिची विमा-किंमत उतरते, हप्ता उतरतो, वाचवायची सूटही लहान होते. म्हणून आमचे मत असे: सूट 45-50 टक्के आणि गाडी अजून किमतीची असेल, तर पुरवणी घ्यावी. सूट कोवळी किंवा गाडी म्हातारी असेल, तर ते पैसे घरात ठेवावेत.

याच हिशेबातून आणखी एक शहाणपण निघते. पुरवणी नसेल आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च त्या 15,000 च्या आत असेल, तर खिशातून भरून मोकळे व्हावे. पुरवणी असली, तरी ती बहुधा वर्षात एक-दोनच दाव्यांना पुरते. दाराच्या ओरखड्यावर ती उडवू नये. किती दावे चालतात, ते पॉलिसीत वाचूनच एजंटाला हो म्हणावे. आणि मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठवलेली सूट तशीही जाते. तिथे कोणतेही संरक्षण कामाला येत नाही. गाडी विकली, तर मात्र सूट तिच्याबरोबर जात नाही. ती मालकाची असते आणि नव्या गाडीला लावता येते. अनेक जण ती मागायचीच विसरतात.

एवढे सगळे मोजले, तरी एक रकाना उरतो. सूट फक्त आपल्या पत्र्याच्या हप्त्यावर असते. दुसऱ्याच्या जिवासाठी सक्तीने भरायचा तृतीय पक्षाचा हप्ता सरकार ठरवते. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला 1 जून 2022 पासून तो 3,416 रुपये लागू झाला. जपून चालवणारा आणि उडवणारा, दोघे सारखेच भरतात. 6 ऑगस्ट 2023 रोजी बाणस्तारीच्या पुलावर एका मोटारीने तिघांचा जीव घेतला. तशा घटनेत विमा पैसे देतो, पैसे द्यायलाच हवेत. पण तिथे सवलत वाचली की बुडाली, हा प्रश्न विचारायची कोणाची हिंमत होणार नाही. पुरवणी सूट राखते. वेग राखायचा तो चालकानेच.

तेव्हा आज नारळ फोडताना मान जरा वर करावी. दारातल्या माडाला सुकलेली झावळी आणि तयार नारळ लोंबत असतील, तर नारळ काढणाऱ्या पाडेलीला बोलवावे. त्याची मजुरी ही यंदाच्या विम्यातली सगळ्यात स्वस्त पुरवणी ठरेल, आणि तिच्यासोबत घरी नारळही येतील.