पंखांना रेशीम चढवलं, उडवलं कुणी?

या श्रावणात आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन आठवडे पंख पडले होते. पक्ष्याचे नव्हे, विमानाचे! लेक कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. तिथं विमानांची मॉडेल्स बनवायला शिकवतात. बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा तयार होता, त्यावर कापड चढवायचं काम हिच्याकडे आलं. हल्ली इस्त्रीनं चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म मिळते म्हणे, पण शिकवणाऱ्या काकांचा हट्ट रेशमाचाच.

रेशीम म्हटल्यावर मी उत्साहानं ट्रंक उघडली. "आई, तुझी साडी चढवली तर विमान जमिनीवरच बसेल!" लागतं ते अगदी विरविरीत रेशीम.

मग मीही शेजारी बसले. आधी सांगाड्याला 'डोप' नावाचं पातळ, वार्निशसारखं द्रव्य लावून पॉलिश पेपरनं घासायचं. कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीला ठेवायचा. रेशीम भिजवून अंथरायचं आणि कडा डोपनं चिकटवत हलक्या हातानं ताणायचं. टोकाच्या गोलाईवर सुरकुती पडली, तेव्हा मी न राहवून म्हटलं, "अगं, तिरपं ओढ!" बाहीचा गोल बसवताना आपण दुसरं काय करतो? वाळल्यावर पातळ डोपचे चार-पाच हात दिले, की कापड ढोलकीसारखं ताठ होतं. एकाच बाजूला हात दिले तर पंख पिळतो, म्हणून तो सपाट फळीवर दाबून वाळवायचा. डोपचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतंही पटकन. त्यामुळे ते काम गच्चीच्या शेडमध्ये. त्यात पावसाळी हवा! एक पंख चक्क पांढुरका पडला. कोरडा दिवस बघून थिनर घातलेला हात पुन्हा दिला, तेव्हा कुठे सुधारला.

पाऊस उघडल्यावर मंडळी मैदानावर गेली. तिथं हिला सांगितलं, "कव्हरिंग सुरेख झालंय, उडवायचं तो बघेल." रिमोट एका मुलाच्या हातात. नाजूक काम मुलींचं, म्हणे! मैत्रिणींनो, ही शाबासकी आहे की कुंपण? त्या काकांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तेव्हा नाजूकपणाचं मला सांगूच नये. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत विमानांच्या पंखांवर लिनन शिवायला, डोप लावायला कितीतरी बायका होत्या. तेव्हाच्या डोपमधल्या विषारी द्रावकानं काहींना कावीळ झाली, काही दगावल्या. पण लढाऊ विमान चालवायला त्यांच्यातल्या एकीलाही बसवलं नाही.

आणि मी? बचत गटाच्या बैठकीत बायकांना 'सही तुम्हीच करा' म्हणून सांगणारी मी लेकीला म्हणाले, "जाऊ दे गं, कौतुक तर झालं ना?" ती काहीच बोलली नाही. ते न बोलणं मला अजून टोचतंय.

गेल्या आठवड्यात विमान बाभळीत अडकून पंख फाटला. ठिगळ लावायला ते पुन्हा आमच्या टेबलावर आलंय. रेशमाचं एक बरं, ठिगळ लगेच बसतं. पण या वेळी मी काकांना फोन करून सांगितलंय, पंख दुरुस्त होईल, मात्र पहिलं उड्डाण हिच्या हातून. "बघू," म्हणालेत. ठिगळ वाळेपर्यंत मी रोज फोन करणार आहे.