अवजड यंत्रांची अडलेली वाट

१८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टन बंदरातून बर्फ भरून निघाले आणि सुमारे चार महिन्यांनी कोलकात्यास पोहोचले. पुढे मुंबईतही असा परदेशी बर्फ उतरू लागला. गारवासुद्धा साता समुद्रापलीकडून विकत आणणारा हा देश होता. ३० जून २०२० रोजी हे चक्र उलटे फिरले. फ्रान्समधील ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पाच्या क्रायोस्टॅटचा अखेरचा भाग लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यातून रवाना करण्यात आला. उणे २६९ अंश सेल्सिअसवर ठेवावयाच्या चुंबकांना बाहेरील उष्णतेपासून जपणारा हा एक अतिप्रचंड थर्मासच होय. व्यास व उंची प्रत्येकी सुमारे तीस मीटर आणि वजन ३,८५० टन. तो ५४ भागांत घडवून समुद्रमार्गे पाठविला गेला.

अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. तथापि अंधेरी-मुलुंडच्या वाचकांना एक प्रश्न पडावयास हवा. या कंपनीचा अवजड यंत्रनिर्मितीचा पाया पवईत घातला गेला. मग असली कामे हजिऱ्यास का होतात? कारण उघड आहे. हजिऱ्याच्या कारखान्याच्या दारात समुद्र आहे आणि पवईच्या दारात साकीनाक्याची वाहतूककोंडी. विक्रोळीच्या गोदरेजनेही मोठ्या प्रक्रिया-यंत्रांसाठी दहेज जवळ केले.

एवढी महाकाय यंत्रे शहराबाहेर जाणार, हे मान्य करू. पण दुग्धालये, मासळी-प्रक्रिया, औषधनिर्मिती यांना लागणारी मध्यम आकाराची औद्योगिक शीतयंत्रेही याच अडचणीत सापडतात. उंच कंटेनरचे दारसुद्धा जेमतेम २.३४ मीटर रुंद व २.५८ मीटर उंच असते. त्यात न मावणारे यंत्र उघड्या फ्लॅट रॅकवर किंवा सुटा माल म्हणून चढवावे लागते. अमोनिया हा धोकादायक माल ठरत असल्याने तो न भरता, आत ओल राहून गंज चढू नये म्हणून कोरडा नायट्रोजन भरतात. खोक्याचे लाकूडदेखील गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटे तापवावे लागते, म्हणजे कीड परदेशी जात नाही. कारखानदार इतकी काळजी घेतो आणि माल अडतो तो आपल्याच रस्त्यावर: खाली आलेल्या तारा, पादचारी पूल, मेट्रोचे खांब आणि निरनिराळ्या खात्यांचे परवाने. जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही.

फ्रान्सने काय केले ते पाहा. इटरचे अजस्र भाग समुद्रकिनाऱ्यापासून प्रकल्पस्थळी नेता यावेत म्हणून १०४ किलोमीटरचा मार्ग आधीच सिद्ध करण्यात आला. रस्ते रुंदावले, पूल बळकट केले, चौक बदलले. माल येण्यापूर्वी वाट तयार होती. आपल्याकडे आधी खांब उभा राहतो आणि मग ट्रेलर कसा वळणार याचा विचार होतो.

‘मुंबई आता सेवाक्षेत्राची नगरी आहे, कारखाने हवेत कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, हे त्यांनी आठवावे. कारखाना शंभर कोसांवर जातो. पण त्याच्यासोबत पन्नाशीचा वेल्डर आणि फिटर घर, मुलांची शाळा, वृद्ध आईवडील सोडून जातोच असे नाही. पिढ्यांनी कमावलेला हात एकदा निकामी झाला की तो पैशाने परत आणता येत नाही. त्या जागी उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांत त्याच्या मुलाला पहारेकऱ्याची नोकरी मिळेल, इतकेच.

मागणी अवाजवी नाही. पवई-विक्रोळीपासून मुलुंड-ऐरोली पुलावरून न्हावाशेव्यापर्यंत एक मार्ग अवजड मालासाठी मोजून निश्चित करावा. त्यावरील प्रत्येक नवा पूल व खांब ती उंची-रुंदी राखूनच बांधावा. रात्रीचे तास ठरवून द्यावेत आणि परवाना एकाच खिडकीवर मिळावा. २०१७ मध्ये मुलुंडच्या वेशीवरील जकात संपली. आता दिरंगाईची ही जकातही संपली पाहिजे. निर्यातीची भाषणे व्यासपीठावरून होतात. निर्यात मात्र रस्त्यावरूनच बंदरापर्यंत पोहोचते.