भोपळा पाठीला बांधा

पारनेरच्या माणसाने समुद्राविषयी लिहिणे म्हणजे टकल्याने कंगव्याविषयी लिहिणे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. आमचा तालुका पावसाच्या बाबतीत जन्माचा कमनशिबी. पाणी आम्ही मोजून वापरतो, म्हणून त्याचा मान ठेवतो. जे ठेवत नाहीत त्यांच्याशी माझे भांडण आहे, आणि दुर्दैवाने ते माझेच मित्र आहेत.

शनिवार-रविवार जोडून आमची टोळी, म्हणजे एक मास्तर, एक वकील, एक किराणा दुकानदार आणि मी, ताम्हिणी घाट उतरून मुरूडला जाऊन आली. राजापुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिरा पाहिला. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचे तलाव! ते पाहून आम्हाला काय वाटले, ते टँकरची वाट पाहिलेल्यालाच कळेल. समोर पद्मदुर्ग दिसत होता. सगळे कसे झकास. फक्त होडीत चढताना जाकिटांचा ढीग पुढे आला आणि आमच्या तिन्ही शूरवीरांनी नाके मुरडली.

"आपण काय लहान पोरं आहोत?" इति मास्तर.

"फोटोत पोट दुप्पट दिसतं, राव!" इति दुकानदार.

"मला पोहता येतं. आणि होडीत आहेतच की, लागली तर घालू." इति वकील.

पोटाचे सोडा. ते जाकिटाविनाही दिसते. पण मास्तर, तुम्हाला विहिरीत ढकलताना पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधला होता की नाही? तेव्हा लाज वाटली नाही. जाकीट म्हणजे तोच भोपळा, फक्त केशरी रंगाचा.

आणि वकीलसाहेब, विहिरीत चार हात मारले की कपार हाताला लागते, वर चुलता दोर घेऊन उभा असतो. समुद्राला कपार नाही. ओहोटीचे पाणी आत ओढताना, तुम्ही कोणत्या विहिरीत पोहायला शिकलात याची चौकशी करत नाही.

राहिले 'लागली तर घालू'. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. तो तर समुद्रही नव्हता. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. या अपघातात १५ जीव गेले. कित्येकांच्या अंगात जाकीट नव्हते. जाकिटाने टक्कर टळली नसती, हे मान्य. पण पाण्यात पडलेल्याला तरंगत ठेवणे, एवढे एकच काम त्याला येते, आणि त्यासाठी ते आधीपासून अंगात लागते. होडी कलंडल्यावर बाकाखालची गाठोडी सोडायला कोणाला सवड असते? गेटवेला जाकिटाची सक्ती झाली, ती या अपघातानंतर. आपल्याकडे शहाणपणाला नेहमी तेराव्याचे आमंत्रण लागते.

"पण कोळी कुठे घालतात?" असा एक ठेवणीतला प्रश्न असतो. अहो, कोळ्याची बरोबरी करायची तर पुरती करा! तो पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. समुद्राला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस त्याच्यापुढे हात जोडतो, आणि दीड दिवसाचा पाहुणा होडीच्या काठावर उभा राहून फोटो काढतो!

जाकिटांना वास येतो, बंद तुटके असतात, ही तक्रार मात्र खरी. मग त्यासाठी भांडा ना! हॉटेलात चहा गार आला तर आपण मालकाला बाहेर बोलावतो. जिथे जिवाचा प्रश्न, तिथे 'जाऊ द्या हो' म्हणून फाटके जाकीट मुकाट्याने बाजूला सारतो. धड जाकीट मिळेपर्यंत होडीत पाय ठेवायचा नाही, आणि प्रत्येकाचे बंद बांधून होईपर्यंत होडीवाल्याने दोर सोडायचा नाही, एवढा हट्ट चार टोळ्यांनी धरला तरी धक्क्यावरची जाकिटे महिन्याभरात नवी होतील.

तोवर मला भित्रा म्हणा, खुशाल म्हणा. भोपळा हाती येण्यापेक्षा पाठीला बांधलेला बरा.