नगरपालिकेला मशीन विकू नका, काम विका



एखाद्या नगरपालिकेची मोठ्या प्लॉटरची किंवा स्कॅनरची निविदा जेम पोर्टलवर दिसली, की नवीन मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, भरू का? किती सुटतील?" माझं मत स्पष्ट आहे. भांडवल कमी असेल तर मशीन विकायच्या भानगडीत पडू नका. तेच काम सेवा म्हणून द्या.

आधी हिशोब बघा. समजा मशीन ३ लाखांचं आहे आणि तुमचा नफा ५ टक्के, म्हणजे १५ हजार. जीएसटी बाजूला ठेवू. तुमचे २ लाख ८५ हजार अडकले. ते वर्षाला १५ टक्के व्याजाने उचललेत आणि बिल चार महिने लटकलं, तर व्याजच होतं १४,२५०. हातात राहिले ७५० रुपये. त्यातून गाडीभाडंसुद्धा निघणार नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. "माझ्याकडे उद्यम आहे, मला सवलत मिळेल," असं सगळे म्हणतात. पण दुसऱ्याचं मशीन आणून विकणारा हा ट्रेडर. ट्रेडरला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. जेमवर सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेत जी सूट असते, ती ट्रेडरला नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यातलं ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षणही नाही. तुम्ही स्वतः छपाई किंवा स्कॅनिंग करून देत असाल, तर मात्र हे संरक्षण लागू होतं. बिल उशिरा आलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि तक्रारही करता येते. फक्त उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी.

आता नगरपालिकेच्या बाजूने बघू. पुणे-नाशिकसारख्या महापालिकेत मोठे नकाशे रोज निघतात, तिथे स्वतःचा प्लॉटर परवडतो. तळोदा-नवापूरच्या आकाराच्या गावात तो रोज चालेल असं मला वाटत नाही. इंकजेट प्लॉटर बंद पडून राहिला की हेडमध्ये शाई सुकते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. शिवाय बांधकाम परवानगीचे नकाशे आता ऑनलाइन, फाइलच्या रूपातच येतात. उरले जुने नकाशे आणि रजिस्टर. ते एकदाच स्कॅन करायचे आहेत. एकदाच्या कामासाठी कायमचं मशीन कशाला?

कोणी म्हणेल, सरकारी कागद बाहेरच्या माणसाच्या हातात कसे द्यायचे? शंका रास्त आहे. म्हणून कागद ऑफिसबाहेर न्यायचेच नाहीत, स्कॅनर तिथे न्यायचा. रोज सकाळी यादी करून कागद घ्या, संध्याकाळी मोजून परत द्या, दोन्हीवर सही घ्या. जुना ट्रेसिंग कागद रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका, फाटेल. त्याला सपाट किंवा वरून फोटो घेणारा स्कॅनर लागतो. किमान ३०० डीपीआय ठेवा आणि फाइलला वॉर्ड, सर्व्हे नंबर, वर्ष असं नाव द्या. नाव नसलेली फाइल म्हणजे पुन्हा तोच कागदांचा ढीग, फक्त कॉम्प्युटरमध्ये.

सुरुवातीला ए-झिरो मशीन विकत घेऊ नका. ३६ इंची प्लॉटर असलेल्या दुकानाशी दर ठरवून घ्या, स्कॅनर भाड्याने आणा. काम नियमित झालं की मगच मशीनचा विचार करा.

या आठवड्यात तीन कामं करा. उद्यममध्ये तुमचा व्यवसाय ट्रेडिंग दाखवलाय की सेवा, ते तपासा. प्रति नकाशा आणि प्रति पान असा दर काढा. मग एक पानाचा प्रस्ताव घेऊन मुख्याधिकाऱ्यांना भेटा. तिथून निविदा निघाली तर रीतसर भरा. आणि दर भरताना एक लक्षात ठेवा: कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो. तो तुमच्या जीएसटी खात्यात जमा होतो, पण हातात येणारी रक्कम तेवढी कमी असते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.