रानटी कोण?

‘टेक्सासच्या मैदानांवरच्या कोमांची लोकांनी तरी ती जमीन अपाचींकडूनच बळकावली होती, मग गोऱ्यांनी घेतली तर कुठे बिघडलं?’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही.

अठराव्या शतकात कोमांचींनी अपाचींना दक्षिणेकडे रेटलं, हे खरंच. मेक्सिकोत खोलवर धाडी घातल्या, माणसं पळवली, गुलामही केली. त्यावर पांघरूण कशाला घाला? पण तह पाळणंही त्यांना कळत होतं! १७८६ साली न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिश गव्हर्नरशी आणि १८४० साली शायेन, अरापाहो या जुन्या वैऱ्यांशी केलेले त्यांचे तह टिकले.

आणि टेक्सासवाले? त्याच १८४० च्या मार्चमध्ये सॅन अँटोनिओला बोलणीसाठी आलेल्या कोमांची सरदारांना त्यांनी ओलीस धरायला घेतलं. कारण काय, तर पळवलेली सगळी माणसं परत आणली नाहीत. झटापटीत बायकामुलांसह सुमारे ३५ कोमांची ठार झाले.

१८६७ च्या तहाने गव्यांच्या शिकारीचा हक्क दिला, तर गोऱ्या शिकाऱ्यांनी कळपच संपवले. १८७४ मध्ये पालो ड्युरो दरीत सैन्याने हजारावर घोडे पकडून गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी क्वाना पार्कर शरण आला.

जमीन दोघांनीही बळानेच घेतली. पण बोलणीला बोलावून कैद करणाऱ्याने दुसऱ्याला रानटी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.